तळहातावरची दही-साखर

"आमच्या वन्सं अशाच. बसल्या जागी पेंगतात," असे म्हणत वहिनींनी माझ्या हनुवटीवरची लाळ पाहुण्यांदेखत पुसली. माझ्या हातातली कपबशी कलंडली होती. भाचीला पाहायला बडोद्याजवळच्या सावली गावाहून मंडळी आली होती. मुलाची आई हसून म्हणाली, "बेनने तो बहु ऊंघ आवे छे!" ताईंना फारच झोप येते, म्हणे. सगळे हसले. दादाही. मला सारे ऐकू येत होते. जीभ मात्र उचलत नव्हती.

शाळेत असल्यापासून मला फीट येते. रात्री क्लोबाझामची एक गोळी घेते. सकाळी थोडी सुस्ती असते, पण झटके आवरतात. त्या गोळीच्या बळावरच मी एम.ए. झाले, हे मी नाकारणार नाही. परंतु गोळ्यांची पट्टी माझ्या हाती कधीच नव्हती. ती वहिनींच्या कपाटात असे.

त्या दुपारी वहिनींनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. "शुभकार्य आहे, वन्सं." दही-साखर घराबाहेर निघालेल्या माणसाला देतात. मी कुठे निघाले होते? आणि साखरेखालचा तो कडवटपणा कसला? मग आठवले. सत्यनारायणाच्या दिवशीही दही-साखर. दादाचे साहेब जेवायला आले तेव्हाही. प्रत्येक वेळी मी झोपले होते.

मी भित्री. संशय घेण्याचीही मला लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी कपाट उघडले. पट्टी सुरू होऊन चार रात्री झाल्या होत्या. रिकामी घरे सहा होती.

सुभानपुऱ्याहून रिक्षा करून मी सयाजीगंजला डॉक्टरांकडे गेले. आयुष्यात प्रथमच एकटी.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. मला सांगा."

त्यांनी सांगितले. ठरलेल्या मात्रेत हे औषध उपयोगाचे. न विचारता वाढवले तर गुंगी येते, तोल जातो. फारच वाढले तर श्वासही मंदावू शकतो. "आणि रागाच्या भरात एकदम बंद करू नका. मोठी फीट येईल."

घरी येऊन मी दोघांना विचारले. दादा म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच केलं. पाहुण्यांसमोर फीट आली असती तर पोरीचं जमलं असतं का?"

माझे भले मला न सांगता दह्यात कालवले जात होते.

पट्टी आता माझ्या पर्समध्ये असते. या घरात कोणी हातावर काही ठेवले, तर मी आधी जिभेच्या टोकाने चाखून पाहते. ही सवय आता जाणार नाही.

पुढच्या आठवड्यात भाचीचा साखरपुडा आहे. दादा म्हणतो, "त्या दिवशी तरी वर खोलीत बस."

बसणार नाही. आदल्या रात्री एकच गोळी घेईन, माझ्या हाताने. पहिल्या रांगेत बसेन, जागी. मला फीट येते, आली तर मला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हे सोयऱ्यांना मी दारातच सांगणार आहे. मग त्यांना आत यायचे तर त्यांनी यावे.