टिबुकलीच्या घरावर आमचं श्रमदान

मला स्वच्छतेचं वेड आहे. ऑफिसात दुसऱ्यांची टेबलंही मीच पुसतो आणि वर बोलणीही खातो. वडीगोद्रीकडच्या संरक्षित झऱ्यावर श्रमदानाची टूम अर्थातच माझी. नवीन जालन्यातून आम्ही सहा जण टोप्या घालून निघालो, जणू झरा आमचीच वाट बघत होता.

परवानगी होती फक्त प्लास्टिक उचलण्याची. ते तासाभरात संपलं. झऱ्याचे राखणदार चाचा नमाजासाठी गावात गेले आणि माझे हात शिवशिवायला लागले. झऱ्याखालच्या तळ्यात पाणवेली माजल्या होत्या. आम्ही गुडघाभर पाण्यात उतरून त्या ओढून काठावर टाकल्या. लव्हाळ्यात अडकलेला कुजका ढीग तेवढा राहिला होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला, तोच चाचा आले.

"साहेब, हलू नका. ते कचरा न्हाई, टिबुकलीचं घर हाय."

माझ्या धक्क्याने वरचा बराचसा पाला पाण्यात सांडला होता; उरलेला त्यांनी पाण्यात उतरून बाजूला केला. खाली मळकट रंगाची चार अंडी होती. टिबुकली चरायला जाताना अंडी अशी झाकून जाते, हे मला तिथे, पाण्यात उभं असताना कळलं.

"जिथून उचललं तिथंच बराबर ठेवा. अन्‌ जल्दी बाहेर निघा."

आम्ही बाभळीआड बसलो. ती आली नाही तर अंडी वाया जाणार होती, तीही माझ्यामुळे. बऱ्याच वेळाने ती इवलीशी तपकिरी टिबुकली बुडी मारून उगवली. घरट्याभोवती दोन फेऱ्या मारून वर चढली. मी सुस्कारा सोडला.

चाचांनी मात्र मान हलवली. "आली खरी. पर पुन्हा चरायला जाईल, मंग झाकंल कशानं? वरचा पाला तर पाण्यात सांडला, अन्‌ वेली तुम्ही काढून टाकल्या. कावळे बसलेच हायत."

कावळे खरंच बसले होते. मग आम्ही काठावरच्या वेली उचलल्या आणि पलीकडच्या बाजूने, आवाज न करता, पुन्हा पाण्यात सोडल्या. सकाळी जेवढं साफ केलं होतं, तेवढं सगळं घाण केलं. आयुष्यात इतकं मन लावून मी कधी काम केलं नव्हतं.

उन्हं कलली तशी ती उठली. पोहत आली, मी टाकलेल्या वेलीचा एक तुकडा चोचीत धरला, नेऊन अंड्यांवर ठेवला आणि दुसरा न्यायला परत फिरली.