मी रचलेली बातमी

शाळेने मला खरं बोलायला शिकवलं, असं मी कधीच म्हणणार नाही. शाळेच्या भिंतीवर 'नेहमी खरे बोलावे' असं निळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं आणि त्याच भिंतीला टेकून मी बाईंना रोज नवी थाप मारायचे. मला सरळ केलं ते आमच्या वस्तीतल्या बिड्या वळणाऱ्या बायांनी.

साठचं दशक संपत आलं होतं. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत बाया दुपारी निंबाखाली मांडीवर सूप घेऊन बसायच्या. तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायचा, वळायचं, धागा बांधायचा. सातवीनंतर मीही तिथेच बसणार हे ठरलेलं होतं. पण समोर राहणारी मावशी आडवी आली. पोरीला शाळेत जाऊ दे, तिच्या वाट्याच्या बिड्या आम्ही सगळ्या मिळून वळू, तिने फक्त शाळेतून आल्यावर आम्हाला पेपर वाचून दाखवावा, असं तिने आईला सुचवलं. लेकरं शिकली पाहिजेत ही तर साऱ्या वस्तीचीच जिद्द होती, हात तेवढे कमी पडायचे. आई कबूल झाली. चहावाल्याकडून आदल्या दिवशीचा पेपर यायला लागला.

मला त्याचा माज चढला. एरवी मला कोणी विचारत नसे आणि इथे दहा-बारा बाया माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. चांगली बातमी वाचली की कोणीतरी हातावर गुळाचा खडा ठेवायची. मग मी बातम्यांना तिखटमीठ लावू लागले. पुराच्या बातमीत माझ्या पदरची एक म्हैस वाहून जायची आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप काठाला लागायची. बाया खूश, मीही खूश.

एक दिवस मावशीच्या बऱ्याच बिड्या कारखान्यातून परत आल्या. तिचे डोळे अधू झाले होते, पानाची शीर दिसत नसे, वळण सैल पडायचं. त्या दिवशी ती एकेक बिडी सोडून पुन्हा वळत बसली. तिला बरं वाटावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडं गुळासाठीही, मी एक बातमी वाचली. येत्या सोमवारी मोठ्या दवाखान्यात बिडी कामगारांचे डोळे तपासून फुकट चष्मे देणार आहेत.

सोमवारी मी शाळेतून आले तेव्हा मावशी नुकतीच परतली होती. पायी गेली, पायी आली. या खिडकीवरून त्या खिडकीवर जाऊन तिने विचारलं. असं काही नाही म्हणून सगळ्यांनी सांगितलं तरी ती हटेना. आमच्या पोरीनं पेपरात वाचलं, म्हणून भांडली. रांगेतले लोक हसले. मला वाटलं, आता माझी शंभरी भरली. पण तिला माझा संशयसुद्धा आला नव्हता.

"पेपरवाले खोटं छापून राहिले," ती म्हणाली. "पोट्टी बिचारी काय करन?"

दोन दिवस मी पेपर जसाच्या तसा वाचला. सांगितलं तर शाळा सुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मी पेपर हातात घेतला आणि सगळं बोलून टाकलं, म्हशीसकट. आईने तिथल्या तिथे दोन ठेवून दिल्या आणि माझ्यापुढे सूप आदळलं. बाकीच्या मान खाली घालून वळत राहिल्या. मावशीने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. आधी तिने आईला सांगितलं, शाळा बंद करायची नाही. मग माझ्याकडे वळली.

"आता मले अक्षरं शिकव. तुह्या भरोशावर मी राहत नाही."

शाळेला सुटी होती त्या दिवशी मी तिला त्याच दवाखान्यात घेऊन गेले, रांगेत उभी राहिले, कागद भरले. चष्मा झाला. शिकवणी सुपातच चालायची. तंबाखू पसरायचा, बोटाने अक्षर काढायचं, सूप हलवलं की पाटी कोरी. मला शिंका यायच्या, तिला हसू. मी संतापी मास्तरीण आणि ती माझ्याहून संतापी विद्यार्थिनी. 'क्ष' काही केल्या जमेना तेव्हा तिने मला आणि 'क्ष'ला एकाच दमात शिव्या घातल्या.

माझं वाचन चालूच राहिलं, पण आता दर ओळीला कोणीतरी विचारायची, कुठं लिहिलं हाये, दाखव. मागोमाग 'काहून?' यायचं. डाळ महागली, काहून? मंत्री बदलला, काहून? उत्तर नसलं की मी दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना विचारायचे. बाई वैतागायच्या, पण सांगायच्या. ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायची सवय मला तिथे लागली. आजही कोणी ठाऊक नसताना ठोकून दिलं की माझा पारा चढतो.

मॅट्रिकचा निकाल तेव्हा पेपरात नंबरांनी छापून यायचा. त्या दिवशी चहावाल्याने ताजा पेपर दिला. मी झडप घातली, पण मावशीने तो आधीच उचलला होता.

"तू नको वाचू वं. तुह्यावर आमचा भरोसा नाही."

बाया खदखदून हसल्या. मीही हसले. मावशीने चष्मा चढवला. माझा नंबर तिला तोंडपाठ होता. एक रकाना झाला, दुसरा झाला, पान उलटलं. सगळ्यांचे हात थांबले होते. आईने तर माझ्याकडे बघणंच सोडलं होतं. मग मावशी एका नंबराचा एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली आणि शेवटच्या आकड्यापर्यंत तो नंबर माझाच निघाला.

"पास हाये. छापलं हाये. म्या वाचलं."

आई रडली, मी रडले, कोणीतरी सूप बडवायला घेतलं. मावशीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तिने पुढचा नंबर वाचला, मग त्याच्या पुढचा. कोणाची लेकरं होती ती, आम्हाला काय ठाऊक. रकाना संपेपर्यंत ती वाचत राहिली आणि आम्ही सगळ्या ऐकत बसलो.