आजोबांचा कागदी कोट

पेई यालान ग्रंथालयात पहिल्यांदा आली ती पुस्तक मागायला नव्हे. "सर, इथून आमचं हुइनिंग कुठल्या बाजूला येतं?" असं तिने विचारलं. शीआनच्या या कॉलेजात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. विद्यार्थी मला बहुतेक वेळा फोन चार्ज करायची जागा विचारतात. प्रश्न निदान भूगोलाचा होता.

"पश्चिमेला. जरासं उत्तरेकडे," मी म्हणालो.

"पश्चिम म्हणजे कुठे?"

आमच्या शहरात हे कोणी विचारत नाही. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि माणसं जेवतानासुद्धा "मिरचीची वाटी जरा उत्तरेला सरकव" म्हणतात. यालानच्या डोंगरातल्या गावात मात्र वर, खाली, ओढ्याकडे आणि खिंडीकडे एवढ्या चारच दिशा. त्यांच्यावर तिचं अठरा वर्षं व्यवस्थित भागलं होतं.

"फोनमध्ये दिसेल की."

"आई म्हणाली, फोनवर विसंबू नकोस, जाणत्या माणसाला विचार. उद्या आजोबांना कपडे पाठवायचेत."

दुसऱ्या दिवशी चांद्र पंचांगातल्या दहाव्या महिन्याची पहिली तिथी होती. थंडी पडायला लागली की मेलेल्यांनाही गरम कपडे लागतात. ते कागदाचे आणायचे आणि चौकात जाळायचे. जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचं, त्यात नाव लिहायचं, आणि थडगं ज्या दिशेला असेल तिकडे वर्तुळाचं तोंड उघडं ठेवायचं. तोंड चुकलं तर कपडे भलत्याच म्हाताऱ्याच्या अंगावर.

तिचे आजोबा एप्रिलमध्ये गेले. जूनमध्ये तिची प्रवेश परीक्षा होती आणि ती तालुक्याच्या शाळेत वसतिगृहावर होती. परीक्षेच्या वर्षी घरात कोणी गेलं तर मुलांना कळवत नाहीत. यात कोणाला वावगं वाटत नाही. ती दर रविवारी घरी फोन करायची. आजोबा एकदा मेंढ्या विकायला गेलेले होते, बाकीच्या वेळी झोपलेले. "सलग सहा रविवार झोपले होते," ती म्हणाली. "मलाही वाटलं, म्हातारं माणूस आहे." परीक्षा देऊन ती घरी पोहोचली तेव्हा थडग्यावर गवत उगवलं होतं. आईने आधी तिला जेवायला वाढलं, मग सांगितलं. तिने वाटी संपवली.

"रडले नाही सर. अजून नाही," हेही तिने एखादा फॉर्म भरायचा राहून गेलाय असं सांगावं तसं सांगितलं. मातीला ती नव्हती. हे कपडे तेवढे तिच्या हातून व्हायचे होते, आणि ते नीट व्हायला हवे होते.

आजोबा तरुणपणी इथे शहराच्या तटाच्या दुरुस्तीवर विटा वाहायला आले होते. नात शीआनला शिकेल हे त्यांनी परीक्षेच्या आधीच धरून चाललं होतं. बियाण्याच्या पाकिटाच्या मागे त्यांनी तिला यादी लिहून दिली होती. दक्षिण दरवाजावर चढ, तिथून पूर्वेकडचा पाचवा बुरूज माझा. घंटाघर बाहेरूनच बघ. बाजारात पहिला भाव ऐकला की चालायला लाग.

सप्टेंबरपासून तिने ही यादी अभ्यासक्रमासारखी उरकली होती. घंटाघर बाहेरून बघितलं. ते फोटोतल्यासारखंच होतं. बाजारात एकाच गल्लीत बारा दुकानं शहरातला एकमेव अस्सल डाळिंबाचा रस विकत होती, आणि भाड्याच्या रेशमी झग्यांतल्या पंधरा-वीस सम्राज्ञी काडीने दूधचहा ओढत फोटोसाठी रांगेत उभ्या होत्या. तिने पर्सिमॉन फळाचे तळलेले गोड वडे खाल्ले.

"कसे होते?"

"गरम होते."

तटावर ती आजोबांच्या बुरुजाला हात लावून अर्धा तास बसली होती. "हात गार पडला," ती म्हणाली.

"पूर्व कशी ओळखलीस?"

"धुरकं होतं, सूर्य नव्हता. गर्दी जात होती ती पूर्व धरली."

त्या वेळी गर्दी मावळतीच्या फोटोसाठी पश्चिमेला जाते. सूर्य नसला तरी, सवयीने. चुकीच्या कप्प्यातलं पुस्तक दिसलं की माझे हात शिवशिवतात. पण हे पुस्तक नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "उद्या मी येतो दिशा दाखवायला."

कॉलेजच्या मागच्या फाटकाशी तोंग मावशी कागदी सामानाची गाडी लावते. कोट, बूट, फोन, आणि ड्रायव्हरसकट एक लाल मोटार.

"हा कोट घे. आत खरा कापूस आहे," मावशी म्हणाली आणि भाव सांगितला.

यालान चालायला लागली.

"ए पोरी, कुठे निघालीस? मेलेल्याच्या कोटावर घासाघीस? हे शिकवलं का आजोबांनी?"

"हो."

मावशीने कोट घडी करून परत गाडीवर ठेवला. "मग कुडकुडू दे त्यांना," ती म्हणाली.

यालान परत आली आणि सांगितला तो भाव देऊन तिने कोट घेतला.

"मोटारही ने."

"त्यांना मोटार लागायची, मावशी. ओकायचे."

"मग नुसता ड्रायव्हर ने. पाठीवर घेईल."

फाटकासमोरच्याच चौकात दिवेलागण होत होती, आणि ठिकठिकाणी लोक उकिडवे बसले होते. मी हात लांब करून पश्चिम दाखवली, मग हात जरा उत्तरेकडे वळवला. तिने वर्तुळ काढलं, नाव लिहिलं.

"तोंड मोठं ठेव," मागून मावशी म्हणाली. "कापसाचा कोट आहे, अडकेल."

कागद लगेच गेला. कापूस बराच वेळ धुमसत राहिला. यालान माझ्या हाताने दाखवलेल्या दिशेला बघत होती. मग तिने पाठ वळवली, पुन्हा तोंड वळवलं.

"सर, ही पश्चिम. तटावर गर्दी याच बाजूला जात होती. म्हणजे मी दुसऱ्याच बुरुजाशी बसले होते."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कालपासून."

"मग बोलला नाहीत ते?"

"आधी हे होऊ दे म्हटलं."

"हे सर असेच," मावशी म्हणाली. "पुस्तक मागितलं तरी उद्या ये म्हणतात."

यालान हसली नाही, रडलीही नाही. तिने बियाण्याचं पाकीट काढलं आणि पहिल्या ओळीपुढची बरोबरची खूण नखाने खरवडून काढली. मग कोट पूर्ण जळेपर्यंत काडीने कापूस उलटापालटा करत राहिली.

रविवारी ती पुन्हा तटावर गेली. सोमवारी ग्रंथालयात आली तेव्हा मी विचारलं, "कसा होता बुरूज?"

"आधीच्यासारखाच. विटाच आहेत." मग म्हणाली, "दोन तास बसले."

मी मान डोलावली. ती पुस्तकांच्या फळीसमोर थांबली होती आणि मी आडवा उभा होतो.

"सर, जरा पूर्वेला सरका," ती म्हणाली.

मी सरकलो.