वर चढलेली टाकी

शेणकाल्याचा आंबूस वास आला की पाथर्डीजवळचं आमचं घर आठवतं. आई-वडील ऊसतोडीला गेले होते. घरी मोठी बहीण, मी आणि तीन जनावरं. अंगणात गोबरगॅस होता. हवा न लागता शेण कुजलं की गॅस तयार होतो आणि खड्ड्यावरची लोखंडी टाकी वर उचलली जाते. स्वयंपाक केला की ती खाली बसते. थंडीत शेण हळू कुजतं, गॅस पुरत नाही. आई एका दिवसासाठी येणार, असा फोन आला आणि बहिणीने शेगडी बंद केली. "आता चूलच. गॅस आईच्या चहाला ठेवायचा," ती म्हणाली. आम्ही धुरात भाकरी भाजत राहिलो, टाकी थोडी थोडी चढत गेली. आई जीपमधून उतरली आणि तिची नजर आधी टाकीवर गेली. "टाकी येवढी वर कशी? पोरींनो, जेवत न्हाई व्हय तुमी?" हातपाय धुवायच्या आधी तिने भाकरीची टोपली उघडून पाहिली. मग बहिणीने निळ्या ज्योतीवर चहा ठेवला. आता आई नाही आणि माझ्याकडे सिलिंडर आहे. पण रस्त्याने जाताना कुणाच्या अंगणात टाकी वर चढलेली दिसली की वाटतं, या घरी आज कुणीतरी येणार आहे.