मंदामावशीचं हेमकुंड

माझ्या मंदामावशीकडे पंचावन्नाव्या वर्षापर्यंत स्वेटर नव्हता. वसईजवळ सांडोरला केळीच्या वाडीत राहणाऱ्या बाईला तो लागणार तरी कशाला? पौषातल्या सकाळी वाडीत पाणी सोडायला जाताना ती अंगावर जुनं लुगडं दुहेरी करून घ्यायची आणि उन्हं वर आली की तेही दोरीवर टाकायची. अशा बाईने २००२च्या उन्हाळ्यात घरात सांगितलं, की मी हेमकुंडला जाणार आहे.

हेमकुंड म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मग तिनेच सांगितलं. हिमालयात, बद्रीनाथच्या रस्त्यावरून फुटून खूप वर, शिखांचं तीर्थ आहे. एक तळं आहे आणि तळ्याकाठी गुरुद्वारा. वर्षातले बरेच महिने तो बर्फाखालीच असतो. ऑक्टोबरात दारं मिटतात, ती थेट उन्हाळ्यात उघडतात. मावशी जाणार होती ती दारं मिटायच्या अगदी आधी, हिवाळ्याच्या तोंडावर.

हरिभाऊ काका, म्हणजे मावशीचे यजमान, तेव्हा ओटीवर बसून सुकेळ्यांच्या, म्हणजे वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांच्या, पुड्या बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. हातातली पुडी पुरी केली, उठले आणि वाडीच्या मागच्या अंगाला निघून गेले.

त्यांच्या तसं जाण्याला कारण होतं. ते सात वर्षांपूर्वीचं.

यतीन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. वसई पूर्वेला एका कारखान्यात लागला होता. ९५ साली, पितृपक्षातच, हायवेवर एका टँकरने त्याच्या मोटरसायकलला उडवलं आणि टँकर निघून गेला. मागून येणाऱ्या गाड्याही बाजू काढून गेल्या. थांबला तो निर्मलसिंग नावाचा एक ट्रकवाला. माल भरून गुजरातकडे निघाला होता. त्याने यतीनला उचलून केबिनमध्ये घेतलं, त्याचं डोकं मांडीवर धरून बसला आणि ट्रक क्लीनरच्या हाती देऊन मागे वळवला. हॉस्पिटल यायच्या आधीच यतीन गेला.

काका तिथे पोचले तेव्हा त्यांना आवारात उभा ट्रक दिसला आणि रक्ताने भरलेला सदरा घातलेला सरदार दिसला. कुणी काही सांगायच्या आत काकांनी त्याच्या तोंडात मारली. दोनदा. निर्मलसिंगची पगडी जमिनीवर पडली. त्याने ती उचलली, काखेत धरली आणि तसाच उभा राहिला. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. पुढे हायवेवरच्या चहावाल्याने खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्याची सुटका झाली.

तेराव्याला तो सांडोरला आला. घर विचारत विचारत आला आणि अंगणाच्या कडेला, माडाखाली बसून राहिला. काका आतून बाहेर आलेच नाहीत. मावशी पाणी घेऊन गेली. शेवटी यतीन काही बोलला का, एवढंच तिला विचारायचं होतं, ते तिने विचारलं. निर्मलसिंगने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "चुप था, बहनजी. मेरा हाथ पकड़ के रखा था."

पुढची सात वर्षं मावशी त्या एका वाक्यावर जगली, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

निर्मलसिंगचा ट्रक या रस्त्याने आला की तो वाट वाकडी करून सांडोरला यायचा. कधी वर्षातून दोनदा, कधी चारदा. मावशी त्याला जेवायला घालायची. तो आला की काका वाडीच्या मागे, पार कुंपणापर्यंत जायचे आणि तो गेल्याशिवाय परत यायचे नाहीत. लोकांना वाटायचं, यांचा राग अजून गेला नाही. तो राग नाही, हे मावशीला ठाऊक होतं. पण नवऱ्याने जे कधी तोंडाबाहेर काढलं नाही, ते आपण बोलून दाखवायचं हे तिच्या स्वभावात नव्हतं.

त्या उन्हाळ्यात निर्मलसिंगने तिला सांगितलं, की यतीनच्या नावाने मी दरवर्षी गुरुद्वाऱ्यात अरदास, म्हणजे प्रार्थना, करतो. यंदा हेमकुंडला जाऊन करणार आहे, तुम्हीही चला. मावशीने विचारलं, पितृपक्षात जाता येईल का? त्याने तिला समजावलं, की तेव्हा वर बर्फ पडायला लागतं आणि वाट बंद व्हायची वेळ झालेली असते. ती म्हणाली, तिथी तेव्हाच असते, मग तेव्हाच जाऊ.

काकांनी विरोध केला तो एवढ्याच शब्दांत, "माझ्या मुलाचं श्राद्ध माझ्या ओटीवर होतं." मावशी उलट बोलली नाही, पण तयारीला लागली.

मी तेव्हा फुलपाड्याला राहत होते, जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी. जूनपासून मावशी दर रविवारी सकाळी माझ्याकडे यायला लागली. मी सोबत गेले तर बरं, नाही तर एकटीच डोंगर चढायची. पहिल्या खेपेला ती अर्ध्या वाटेतच बसली. ओठ सुकले होते, घाम गळत होता. "देवीला येतो तेव्हा थांबत थांबत येतो, म्हणून कळत नाही," म्हणाली. त्या दिवशी देवळापर्यंत न जाताच आम्ही उतरलो. पुढच्या रविवारी ती पुन्हा हजर. पावसाळाभर तिने हे चालवलं. पायऱ्यांवर शेवाळ असायचं, एकदा घसरून कोपर फोडून घेतलं, तरी तिने खाडा केला नाही. श्रावणात ती देवळापर्यंत न बसता पोचली, तेव्हा देवीपुढे डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली, की मागचे लोक कुरकुरायला लागले.

थंडी मात्र वसईत कुठून आणणार? शेजारची लिडिया तिची जुनी मैत्रीण. लिडियाचा नवरा ॲन्सेल्म बोटीवर नोकरीला होता आणि उत्तरेकडच्या समुद्रात त्याने हिवाळे काढले होते. लिडियाने पेटाऱ्यातून त्याचं जाड जॅकेट काढलं, चार दिवस उन्हात घातलं, तरी डांबरगोळ्यांचा वास गेला नाही. मावशीने ते लुगड्यावर चढवलं तेव्हा ते गुडघ्यापर्यंत आलं. ॲन्सेल्मने तिला अंगावर एकावर एक कपडे कसे चढवायचे ते दाखवलं, आणि बजावलं, की घाम आला तर बनियन आधी बदल, थंडी ओल्या कपड्यातून आत शिरते.

एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. एका दुपारी ती मला घेऊन पाचूबंदरला गेली. तिथे मासळीच्या बोटींसाठी बर्फाचा कारखाना होता. बळीराम नावाचा म्हातारा कोळी दाराशी बसायचा. मावशीने त्याला विचारलं, मला थोडा वेळ आत उभं राहू द्याल का? त्याला आधी ती चेष्टा वाटली. तिने कुठे जायचं आहे आणि कशासाठी, ते सांगितलं. तो उठला आणि त्याने दार उघडून दिलं.

"थंड पानी पायाला लागू देऊ नका, मावशी," एवढंच म्हणाला.

लाद्यांच्या मधोमध ती हाताची घडी घालून उभी राहिली. मी दारातच कुडकुडत होते. तिचे दात वाजायला लागले, तरी ती हलली नाही. बाहेर आल्यावर बळीरामने तिला आपल्या किटलीतला चहा दिला. कप धरवेना, इतकी बोटं बधीर झाली होती. चहा पिता पिता ती म्हणाली, "तो गार पडला होता ना, तेव्हा त्याला असं काही वाटलं नसेल ना गं?" बळीराम समुद्राकडे बघत राहिला.

वसईच्या डॉक्टरांनी घरी येऊन रक्तदाब तपासून गोळ्या दिल्या आणि बजावलं, की वर डोकं दुखायला लागलं तर हट्ट करू नका, तिथून पुढे जाऊ नका. हे काकांनी दाराआडून ऐकलं असावं. कारण त्यानंतरच्या रविवारी आम्ही जीवदानीच्या पायऱ्यांवर टेकलो होतो, तेव्हा खालून काका वर येताना दिसले. एका हाताने कठडा धरला होता, धोतराचा सोगा खोचलेला. आमच्याजवळ येऊन ते खालच्या पायरीवर बसले. श्वास लागला होता.

"एकटी कशी जाशील तू?" ते म्हणाले.

"एकटी कुठे? निर्मलसिंग आहे."

काका पायांकडे बघत होते. "त्यालाच तोंड दाखवायचं आहे मला," ते म्हणाले. "इतकी वर्षं झालं नाही माझ्याच्याने."

मावशीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पुढचे रविवार आम्ही तिघं चढलो.

प्रवासाला मी नव्हते. जे पुढे घडलं ते थोडं मावशीकडून आणि थोडं काकांकडून ऐकलेलं. गाडीने हरिद्वार, तिथून बसने डोंगरातला लांबचा रस्ता. निर्मलसिंगने दोघांच्या पिशव्या उचलल्या, खिडकीची जागा दिली, औषधाची आठवण केली. काका त्याच्याशी हो-नाहीपलीकडे बोलले नाहीत. गोविंदघाटहून पायी निघून ते घांघरियाला पोचले. तिथे गुरुद्वाऱ्यात मुक्काम असतो आणि दुसऱ्या दिवशी वर चढायचं असतं.

सकाळी मावशीला उठताच येईना. डोकं फुटत होतं, ओकाऱ्या होत होत्या, ओठ निळसर पडले होते. तिथल्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की या बाईंनी वर जायचं नाही. आजच्या दिवसात बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. वरच्या वाटेवर रात्रीच बर्फ पडलं होतं. निर्मलसिंग म्हणाला, आपण सगळेच परत जाऊ, अरदास इथेही होते.

इतक्या महिन्यांची तयारी. मावशी आडवी पडल्या पडल्या छताकडे बघत होती. मग तिने ॲन्सेल्मचं जॅकेट अंगातून काढलं आणि काकांपुढे धरलं. "तुम्ही जा," म्हणाली. "निर्मलसिंगला बरोबर घेऊन जा."

ते दोघं गेले. चढ उभा होता, पायाखाली बर्फ चुरत होतं. निर्मलसिंगच्या गुडघ्याला ट्रकवरची जुनी दुखापत होती. एका वळणावर त्याचा पाय सरकला आणि काकांनी त्याला दंडाला धरलं. मग वरपर्यंत तो हात त्यांनी सोडला नाही. तळ्याच्या कडेला पाणी गोठलं होतं, मध्ये काळंशार. निर्मलसिंगने त्यात डुबकी मारली. काकांनी घरून डबीत आणलेले तीळ काढले आणि गुडघाभर पाण्यात उतरून यतीनला ओंजळीने पाणी दिलं. त्यांची माकडटोपी वाऱ्याने उडून केव्हाच पाण्यात पडली होती. ते बाहेर आले तसा निर्मलसिंगने आपल्या पिशवीतून कोरडं केशरी फडकं काढलं आणि त्यांच्या डोक्याला बांधलं. गाठ मारून होईपर्यंत काका लहान मुलासारखे मान वाकवून उभे राहिले. मग म्हणाले, "उस दिन मैंने हाथ उठाया तुम पर."

निर्मलसिंग म्हणाला, "बाप थे आप, भाईसाब. और किस पर उठाते?"

काका तिथेच बर्फात बसले आणि रडले. यतीन गेल्यावर ते रडले नव्हते, हे मावशी मला नेहमी सांगायची. निर्मलसिंग शेजारी उभा राहिला. मग त्याने त्यांना उठवलं आणि आत नेलं. अरदासमध्ये यतीनचं नाव घेतलं गेलं तेव्हा काकांनी हात जोडलेले होते.

मावशीला दुपारनंतर जरा बरं वाटायला लागलं होतं. ती भिंतीला टेकून गुरुद्वाऱ्यातल्या लंगरच्या जेवणासाठी बटाटे सोलत बसली होती. दोघं एकमेकांना धरून वाटेवरून उतरताना तिने लांबून पाहिलं. ती मला म्हणाली, "तळं राहिलं याचं मला काही वाटलं नाही." मी विचारलं, खरंच? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "वाटलं थोडं. पण नंतर."

त्यानंतर निर्मलसिंग सांडोरला आला की काका रस्त्यापर्यंत सामोरे जायचे. जेवायला दोघं एका पंगतीत बसायचे.

दोन वर्षांनी त्याने ट्रक विकला आणि तो पंजाबात आपल्या गावी गेला. मुलीच्या लग्नाला त्याने दोघांना बोलावलं, आणि ते गेले. काकांनी सुकेळ्यांच्या पुड्या बरोबर नेल्या होत्या. निर्मलसिंग आल्या-गेल्याला काकांपुढे उभं करून सांगत होता, "मेरे बड़े भाई हैं, वसई से." मांडवाबाहेर बाजांवर गावचे शेतकरी बसले होते. त्यांनी काकांना मध्ये जागा करून दिली. काका आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना समजावत होते, की केळं उन्हात कसं वाळवायचं, किती पिकलेलं घ्यायचं, आणि वर कशात बांधायचं.