गुरुजींची फिट आणि आम्ही पाच शहाणे

गुरुजी दोन लोखंडी दांड्यांच्या मध्ये उभे होते आणि सोनवणे सरांचं बोट तोवर शाबूत होतं. सकाळचे साडेदहा. नाशिकच्या ज्या हॉस्पिटलात मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट होते त्याचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत आमच्यापैकी कोणीच शोभून दिसलेलं नाही. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी चोवीस वर्षांची. कोट नवा, आणि आत्मविश्वास असा की लकवासुद्धा मला बघून पळेल.

गुरुजी कळवणजवळच्या एका खेड्यातले प्राथमिक शिक्षक. सायकलवरून पडले, डोक्याला मार लागला आणि उजवी बाजू लुळी पडली. दोन महिने आमच्याकडे येत होते. ज्या दांड्यांमध्ये ते उभे होते त्यांना पॅरलल बार म्हणतात. कमरेइतक्या उंचीच्या दोन आडव्या दांड्या, त्या धरून पेशंट पुन्हा चालायला शिकतो. त्या दिवशी रिव्ह्यू होता. म्हणजे विभागप्रमुख सोनवणे सर स्वतः बघणार आणि ट्रीटमेंट पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवणार. गुरुजींना एवढंच हवं होतं, वर्गाच्या दारापासून फळ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं.

सरांचा एक नियम होता. फिट येणारा पेशंट घ्यायचा नाही. आधी फिट थांबवून या, मग बघू. कागदावर तो कुठेच नव्हता, पण दारावरच्या पाटीपेक्षा पक्का होता. गुरुजींना अपघातापासून फिट यायच्या, आणि ते त्यांनी व त्यांच्या पत्नीने, सुमनबाईंनी, आमच्यापासून लपवलं होतं. मला हे नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही आमच्यापेक्षा शहाणे ठराल.

गुरुजींनी चार पावलं टाकली. सरांनी मान डोलावली. पाचव्या पावलाला गुरुजी थांबले आणि त्यांची नजर खिडकीला चिकटली. मला वाटलं, दमले. मी त्यांना हाक मारतेय तोवर त्यांचं अंग फळीसारखं ताठ झालं आणि सगळेच्या सगळे गुरुजी माझ्या अंगावर आले. पडणाऱ्या पेशंटला सावरून जमिनीवर कसं घ्यायचं हे मला चांगलं शिकवलेलं होतं. घेतलं. त्या दिवशी माझ्या हातून घडलेली ही एकमेव बरोबर गोष्ट. नोंद करून ठेवा.

आता आमच्या धंद्याचं एक दुखणं सांगते. आखडलेला हात दिसला की फिजिओथेरपिस्टचे हात तो सरळ करायला आपोआप पुढे होतात. दिवसभर आम्ही दुसरं करतो काय? गुरुजींचा हात ताठ झाला, मी तो ताणायला लागले. मग झटके सुरू झाले. गुरुजी हात आत ओढतायत, मी बाहेर. कॉलेजात अपस्मारावर प्रश्न यायचा. प्रकार लिहा, कारणं लिहा. मी भरभरून लिहिलं होतं. माणूस पायाशी पडून झटके देत असेल तर काय करायचं, हे कोणी विचारलं नव्हतं आणि मीही उगाच चौकशी केली नव्हती.

एव्हाना प्रेक्षक जमले. कमरेला शेक घ्यायला वणीहून आलेल्या एका आजोबांनी हुंगवायला चप्पल काढली. एका बाईंनी डब्यातला कांदा काढून बुक्कीने फोडला. आमचे वॉर्डबॉय बाबूमामा, त्यांची श्रद्धा लोखंडावर. लोखंड हातात दिलं की फिट उतरते म्हणतात. मामांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि गुरुजींच्या मुठीत कोंबला.

त्याच क्षणी सर ओरडले, कपाटातला गॅग आणा. गॅग म्हणजे बँडेज गुंडाळलेला स्टीलचा चमचा. जीभ चावली जाऊ नये म्हणून तो दातांमध्ये घालायचा. त्याने जीभ वाचत नाही, उलट दात तुटतात, हे मी पुष्कळ नंतर शिकले. तेव्हा तो आम्हा सगळ्यांना शास्त्र वाटायचा. मामा कपाटाकडे धावले आणि कुलपासमोर थबकले. किल्ली जुडग्यात. जुडगा गुरुजींच्या मुठीत. आणि ती मूठ त्या वेळी अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कोणाला उघडता आली नसती.

"सर," मामा अदबीने म्हणाले, "किल्ली पेशंटकडे आहे."

सर काय म्हणाले ते छापण्यासारखं नाही. मग त्या विद्वान माणसाने गुरुजींची जीभ वाचवायला स्वतःचं बोट त्यांच्या दातांत घातलं.

सरांची किंकाळी ऐकून व्हरांड्यात बसलेल्या सुमनबाई आत आल्या. ठेंगणी, सडपातळ बाई. धावल्या नाहीत, रडल्या नाहीत. वर्गात गलका चाललेला असताना हेडमास्तर आत यावेत तशा आल्या.

"ताई, हात सोडा त्यांचा."

मी सोडला.

"सर, तुम्ही बोट काढून घ्या. सुटलं की."

गुरुजींचं डोकं दांडीच्या लोखंडी पायावर आपटत होतं. आम्हा पाच शहाण्यांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. सुमनबाईंनी पिशवीतली शाल घडी करून डोक्याखाली सारली, चष्मा काढला, गळ्याचं बटण सोडलं. चप्पल आणि कांदा दोन्ही मागे घ्यायला लावलं. मग उकिडव्या बसल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

"अहो, काहीतरी करायला हवं ना?" मी विचारलं.

"करतेय ना. घड्याळ बघतेय." आणि माझा चेहरा पाहून त्यांच्या अहिराणी बोलीत मला धीर दिला, "काही नई शे, ताई."

झटके विरळ होत गेले. जबडा सैल पडला, सरांचं बोट सुटलं. सुमनबाईंनी गुरुजींना कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ वाहू दिली, पदराने पुसली. निळसर पडलेल्या ओठांवर रंग परत येताना मी पाहिला आणि तिथेच फरशीवर बसले. सगळं मिळून तीन मिनिटंही झाली नव्हती. मला विचाराल तर पाऊण तास.

पंधरा-वीस मिनिटांनी गुरुजी शुद्धीवर आले. आधी बायकोकडे पाहिलं, मग सरांकडे. सगळं समजलं त्यांना.

"सर, संपलं का माझं?"

सर ड्रेसिंग केलेलं बोट वर धरून उभे होते. त्यांनी सुमनबाईंना विचारलं, फिट येतात तर सांगितलं का नाही. बाईंनी आधी आजच्या फिटचं कारण सांगितलं. फिटच्या गोळीने गुरुजींना सुस्ती यायची, बोलणं जड व्हायचं. रिव्ह्यूला साहेबांसमोर तरतरीत दिसावं म्हणून त्यांनी दोन दिवस गोळी चुकवली होती. त्या नको म्हणत होत्या, पण मास्तर कोणाचं ऐकतात?

मग त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "सांगितलं असतं, तर घेतलं असतं का तुम्ही आम्हाला?"

सरांनी ड्रेसिंगची गाठ तपासली. मी पंख्याकडे बघायला लागले. बराच वेळ बघितलं.

"गोळी एक दिवसही चुकवायची नाही," शेवटी सर म्हणाले. "डोस जड होत असेल तर मी डॉक्टरांशी बोलतो. आणि उद्यापासून बाई व्हरांड्यात बसणार नाहीत, आत बसतील." मग माझ्याकडे वळले. "काय काय करायचं ते यांच्याकडून लिहून घ्या. सगळ्यांनी."

तो वर्ग शनिवारी दुपारी भरला. बाबूमामा पेशंट झाले आणि इतके मनापासून तडफडले की शेजारच्या वॉर्डातली सिस्टर धावत आली. सुमनबाईंनी एकेकाची परीक्षा घेतली. मी पुन्हा मामांचा हात धरला, म्हणून मला उठवून परत करायला लावलं. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर लगेच डॉक्टर, हेही त्यांनीच घोकून घेतलं. सर मागच्या बाकावर बसून डाव्या हाताने टिपणं काढत होते.

दिवाळीनंतर गुरुजी काठी घेऊन शाळेत रुजू झाले. दांड्यांमध्ये असताना त्यांना पुन्हा एकदा फिट आली होती. आम्ही सगळ्यांनी हात मागे बांधून घड्याळ बघितलं. त्यांच्या केसाला धक्का लागला नाही.

सरांचा तो नियम कधी रद्द झाला नाही. लिहिलेलाच नव्हता, तर रद्द कुठून करणार? मी फक्त नव्या पेशंटला पहिल्या दिवशी दोन वाक्यं म्हणायला लागले. फिट येत असल्या तरी आम्ही तुम्हाला घेतो. फिट येतात का? याच क्रमाने म्हणायची. क्रम उलटा केला की नाशिक जिल्ह्यात कोणालाच फिट येत नाही.