सहाचा मुकादम

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालणारी एक बाई होती. तिच्या हातच्या चादरीचे चारही कोपरे असे जुळलेले असायचे, की खुशाल पट्टी लावून तपासावेत. म्हणून सगळे तिला घडीबाई म्हणत. कामाला वाघ होती. अडचण एवढीच, की ती कामावर पोचायला हवी.

सकाळी उठणं तिच्या जिवावर यायचं, आणि हे जिवावर येणं तुमच्याआमच्यासारखं नव्हतं. आपण पाच मिनिटं लोळतो, कुरकुरतो आणि उठतो. घडीबाई तीन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कुणी तोंडाशी पेला धरला तर पाणी प्यायची, नाही तर तेही नाही. लोक कारण विचारायचे. नवरा सोडून गेला का, घरात कुणी काही बोललं का, काही झालं का. काहीच झालेलं नव्हतं. कारण असतं तर बरं झालं असतं, निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. डॉक्टरांनी नैराश्य म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, दोनदा भरती करून घेतलं. दुसऱ्या खेपेला परतली तेव्हा धुलाईघराच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं, की पुन्हा अशी महिनाभर गायब झालीस तर माझाही इलाज नाही. साहेब माणूस वाईट नव्हता, पण इस्पितळातल्या चादरी रोजच्या रोज मळतात.

ती तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकटी राहायची. खालच्याच मजल्यावर तिचा थोरला भाऊ, खिडक्यांना काचा बसवण्याचं काम करणारा दादा, आणि वहिनी. दादाने तिला उठवायचे सगळे प्रकार करून पाहिले होते. समजावून झालं, ओरडून झालं, एकदा तर दंडाला धरून ओढूनही झालं. त्या दिवशी ती रडलीसुद्धा नाही, जमिनीवर बसवली तशी बसून राहिली, आणि दादाच जिन्यात जाऊन रडला. मग त्याला कुणीतरी एका संस्थेचा पत्ता दिला. मनाच्या आजारात अडकलेल्या माणसांसाठी तिथे कुत्री शिकवून तयार करत. दादाने अर्ज केला, दोन वर्षं वाट पाहिली, आणि एका कानाने सरळ नि एका कानाने लोंबता असा मातकट रंगाचा कुत्रा जिना चढून वर आला.

त्याचं काम ठरलेलं होतं. सहाला गजर झाला की त्याने पांघरुणाचा पायथ्याकडचा कोपरा दातात धरायचा आणि मागे मागे सरकत सगळं पांघरूण जमिनीवर आणायचं. मग चपला, मग गोळ्यांची डबी. तरीही बाई हलली नाही तर समोर बसून बघत राहायचं. हा थाट बघून तिनेच त्याचं नाव मुकादम ठेवलं.

दादाच्या ओढण्याने जे झालं नाही ते मुकादमाच्या ओढण्याने कसं झालं, हे वहिनीला शेवटपर्यंत उमगलं नाही. खरं म्हणजे सोपं होतं. दादा ओढायचा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काळजी असायची, आणि ती काळजी बघून घडीबाईला आपण सगळ्यांच्या गळ्यातली धोंड आहोत असं वाटायचं. मुकादमाला तिची ना काळजी होती ना कीव. त्याला काम उरकायचं होतं आणि मग खाली जाऊन तंगडी वर करायची होती. ती उठायची, त्याला खाली न्यायची, दोघं सव्वासहाच्या बसने धुलाईघरात जायची. तो इस्त्रीच्या यंत्रापासून लांब, टोपल्यांच्या मागे दिवसभर पडून असायचा. नऊ वर्षांत घडीबाईची चार दिवस सुट्टी झाली, तीही तापाने.

पण कुत्र्याची नऊ वर्षं म्हणजे काय ते सांगायला नको. मुकादमाचे दात हलायला लागले, मागचे पाय आखडले, आणि जिना उतरताना तो पहिल्याच पायरीवर थांबून तिच्याकडे बघू लागला. मग ती पाचलाच उठायची. गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या कपड्याने त्याचे पाय शेकायची, त्याला उचलून सगळे जिने खाली न्यायची आणि पुन्हा वर आणायची. जी बाई स्वतःसाठी सहाला उठत नव्हती ती त्याच्यासाठी पाचला उठत होती.

एक दिवस तिच्या लक्षात आलं, की सहाचा गजर झाला की म्हातारा लंगडत पलंगापाशी जातो. पलंग रिकामा असायचा. पांघरूण घडी करून ठेवलेलं असायचं. तो तिथे खाली मान घालून उभा राहायचा आणि मग दिवसभर वाडग्याला तोंड लावायचा नाही. तीन दिवस तिने हे बघितलं. चौथ्या दिवशी सहाला पाच मिनिटं कमी असताना ती अंगातल्या कामाच्या कपड्यांसकट पुन्हा पलंगावर आडवी झाली आणि तोंडावर पांघरूण घेतलं. गजर झाला. मुकादमाने कोपरा तोंडात धरला, पण ओढायला त्याच्यात जोर कुठला? मग तिने आतून पायाच्या बोटांनी पांघरूण हळूहळू खाली ढकललं. ते जमिनीवर पडलं तेव्हा त्याने शेपूट हलवली आणि त्या दिवशी वाडगा चाटून पुसून साफ केला.

तेव्हापासून रोज सकाळी हे नाटक सुरू झालं, आणि ते वर्षभर चाललं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. संस्थेतली शिकवणारी बाई दर सहा महिन्यांनी तपासणीला यायची. कुत्रा काम करेनासा झाला की कागदावर तसं लिहायचं, त्याला आपल्याच घरी म्हातारपण काढू द्यायचं, आणि पुढच्या कुत्र्यासाठी आपलं नाव यादीत घालायचं, अशी तिथली रीत. यादी दोन वर्षांची. म्हणजे वेळेवर लिहिलं तर एक जाईपर्यंत दुसरा हजर. यात कुणाचंच काही जात नव्हतं. दादाने हात जोडून सांगितलं, की एकदाचं लिहून टाक. घडीबाईला हे समजत नव्हतं असं मुळीच नाही. मुकादमाशिवाय आपली सकाळ होणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तो पायाशी बसलेला असताना, तो कामाचा राहिला नाही असं लिहायला तिचा हात धजेना. त्याला वाचता येत नाही, असं वहिनी म्हणाली. घडीबाई तिच्याशी आठवडाभर बोलली नाही.

शिकवणारी बाई मुद्दाम सकाळी सहालाच आली. तिने मुकादमाला कोपरा धरताना पाहिलं, आणि पांघरुणाखाली हळूहळू सरकणारे पायांचे उंचवटेही पाहिले. चाळीसेक कुत्री शिकवलेली बाई ती, तिला काय दिसत नव्हतं?

"ताई, अजून करतो ना तो काम?" तिने विचारलं.

"करतो की. बघितलंत ना."

तिने पुन्हा एकदा विचारलं, तेच उत्तर मिळालं, आणि तिने ते लिहून घेतलं. तेवढी एक माया तिने करायला नको होती.

चार महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, खिडकीखालच्या उन्हात मुकादम झोपला तो उठला नाही. सोमवारी त्याला पुरायचं होतं म्हणून घडीबाई उठली. मंगळवारी त्याचा पट्टा आणि वाडगा धुऊन ठेवायचा होता म्हणून उठली. बुधवारी काहीच उरलं नव्हतं.

दादाने संस्थेला फोन केला. शिकवणारी बाई यादी काढून बघू लागली. नाव आज घालते, म्हणाली, पण आता सव्वादोन वर्षं लागतील. मग तिने ते पायांचं सांगितलं आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात माफी मागितली.

दहाव्या दिवशी दादा पहाटे काहीतरी मनाशी धरून वर गेला. साहेबांचा निरोप आदल्या दिवशीच आला होता, महिना भरेपर्यंत थांबतो म्हणून. सहाचा गजर झाला. दादाने पलंगाच्या पायथ्याशी जाऊन पांघरुणाचा तोच कोपरा धरला आणि ओढला. पांघरूण सरसर निघून आलं. ती होती तशीच राहिली, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. तिला थंडी वाजत असेल म्हणून त्याने ते पुन्हा तिच्या अंगावर घातलं आणि कडेला टेकला.

"मॅडमनी सांगितलं मला," तो म्हणाला. "वर्षभर तो ओढतच नव्हता. तूच ढकलत होतीस. म्हणजे उठत होतीस ती तुझी तूच ना? अगं, मग आताच काय झालं?"

हे बोलायला त्याने रात्रभर तयारी केली होती. हे ऐकून ती उठेल, अशी त्याची खात्री होती. आणि ती खरोखरच वळली, दहा दिवसांत पहिल्यांदा.

"मी ढकललं नसतं तर त्याला वाईट वाटलं असतं, दादा."

"मला वाईट वाटतं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणूनच मला उठवत नाही रे. तू नको येत जाऊस."

आणि तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दादा तसाच बसून राहिला. पांघरुणाचा कोपरा अजून त्याच्या मुठीत होता, नऊ वर्षांच्या दातांनी चाळण झालेला. त्याने तो आणखी एकदा, अगदी हलक्या हाताने ओढून पाहिला आणि आतून तिचे पाय हलतात का याची वाट बघितली. खाली सव्वासहाची बस आली, थांबली आणि गेली.